पोटात न राहिलेला पत्ता

मी एक मोबाइल बोलतोय. दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे पोचवणं हे माझं काम. स्वतःचं म्हणून मी आजवर चकार शब्द काढलेला नाही. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेलाय, बॅटरी दुपारपर्यंत जेमतेम टिकते, पण मला लाज वाटते ती याची नाही. ज्याची वाटते ते आज सांगून टाकतो, म्हणजे निदान मनावरचं ओझं तरी उतरेल.

पांढरे हातमोजे घातलेल्या हातांनी मला जोडलं. माझ्या पोटात एक कुलूप बसवलं, इतकं पक्कं की बनवणाऱ्यालाही ते उघडता येऊ नये. खोक्यावर तसं ठळक छापलंही होतं. मला त्याचा भारी तोरा होता. दुकानाच्या कपाटात शेजारच्या स्वस्त फोनांकडे मी ढुंकूनही बघत नसे. गर्वाचं घर खाली म्हणतात, ते तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं.

मला विकत घेतलं ते एका रुग्णालयाच्या लाँड्रीत काम करणाऱ्या बाईने. दिवसभर रुग्णांच्या चादरी उकळत्या पाण्यात घालायच्या, ब्लीच करायच्या, पिळायच्या, घड्या घालायच्या. दुकानदाराने तिला अंगठा माझ्यावर ठेवायला सांगितलं. मी ओळखलं नाही. तिने दुसरं बोट ठेवलं, तेही नाही. दुकानदाराने काच पुसली, तिची बोटं पुसली, तरी माझं आपलं 'पुन्हा ठेवा, पुन्हा ठेवा' चालूच.

"ताई, तुमची बोटं कोरी झालीत की!" तो म्हणाला.

"होणारच. इतक्या वर्षांत चादरींबरोबर मीही धुतली गेले," ती हसून म्हणाली आणि तिने एक आकडा ठरवला. तो आकडा तिने कुणालाच सांगितला नाही.

माझ्यात बोटाचा ठसा नोंदवला गेला तो तिच्या वडिलांचा, आबांचा. एकदा ते न्हाणीघरात पडले आणि ती येईपर्यंत तिथेच बसून राहिले. त्यानंतर, गरज पडली तर आबांना लाँड्रीत फोन करता यावा म्हणून, तिने मला घरी ठेवायला सुरुवात केली. तसंही लाँड्रीतली वाफ मला सोसवत नव्हती. आबांच्या लक्षात आकडे राहत नाहीत म्हणून तिने त्यांचं बोट माझ्यावर चार-पाच वेळा दाबून घेतलं. आबांना कोण आनंद झाला! "म्हणजे आता या गेटचा वॉचमन मी," ते म्हणाले.

कारण आबांची सगळी नोकरी एका औषध कारखान्याच्या गेटवर गेली होती. मालकाच्या जावयाची गाडी त्यांनी एकदा भर उन्हात उभी करून ठेवली होती. "जावई असाल साहेब, पण आतून निरोप आल्याशिवाय गेट उघडणार नाही." ही गोष्ट ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत. गॅसवाल्याला तर ती तोंडपाठ झाली होती. दुपारभर ते मला खिडकीत घेऊन बसत आणि परगावचं हवामान बघत. कधी न पाहिलेल्या शहरात पाऊस पडला की यांना काळजी.

माझ्या मालकिणीची एक मैत्रीण होती, लाँड्रीतलीच. उंचीने इतकी कमी की मशीनचं झाकण उघडायला तिला स्टूल लागे, म्हणून सगळ्या तिला बुटकी म्हणत. सुट्टीच्या दिवशी ती घरी यायची आणि आबांची नखं कापून द्यायची. "आबा, पाय पुढे करा. तुमच्या नखांनी चादरी फाटतात म्हणून ताई कुरकुरते." आबा लहान मुलासारखे पाय पुढे करायचे.

बुटकीचा नवरा तिला मारत असे. एकदा तिने त्याचं ओरडणं चोरून ध्वनिमुद्रित केलं. 'जिथे असशील तिथे येऊन संपवीन' असं तो म्हणत होता. ते तिने पोलीस चौकीत नेऊन ऐकवलं. तिथल्या एकाने "घरोघरी मातीच्या चुली" म्हणून तिची समजूत काढली आणि घरी पाठवलं. तेव्हा तिने ते मुद्रण माझ्या मालकिणीकडे पाठवलं आणि एका सकाळी ती कामावरून परस्पर निघून गेली. लांबच्या एका गावात, बेकरीच्या वरच्या खोलीत राहायला लागली. कुठे ते फक्त माझ्या मालकिणीला ठाऊक होतं.

माझी मालकीण फार जपून वागली. पत्ता कुठे लिहिला नाही, निरोप वाचून लगेच पुसले, आबांनाही सांगितलं नाही. फक्त सुट्टीच्या दिवशी बसने तिला भेटायला जायची तेव्हा मला पिशवीत टाकून न्यायची. आणि मी? मी प्रत्येक वळण, प्रत्येक थांबा, त्या बेकरीचा दरवाजा, सगळं टिपून ठेवत होतो. मला कुणी सांगितलं नव्हतं. मला जन्मापासून तशी खोडच होती, आणि ती आहे हे त्या माउलीला माहीतही नव्हतं.

मग नवऱ्याने बायको हरवल्याची तक्रार दिली. तपास एका पोलीस बाईकडे आला. त्यांनी माझ्या मालकिणीला चौकीत बोलावलं. मी तिच्या मुठीत होतो.

"ती जिवंत आहे, सुखरूप आहे. एवढंच सांगेन, मॅडम."

"हे मी आधीही ऐकलंय. एकदा विश्वास ठेवला आणि मग ती बाई विहिरीत सापडली. फोन उघडून दाखवा. कर नाही त्याला डर कशाला?"

"डर माझी नाही हो. दुसऱ्याची ठेव आहे माझ्याजवळ. ती मी कशी उघडून देऊ?"

मॅडम रागावल्या, पण त्यांनी मला हिसकावलं नाही. कोर्टाचा कागद आणावा लागेल, मग प्रयोगशाळा, तिथली रांग, असं काहीबाही त्या पुटपुटल्या. मी मात्र मुठीत फुशारून गेलो होतो. बघा म्हटलं, माझं कुलूप!

दुसऱ्याच दिवशी दुपारी मॅडम घरी आल्या. मालकीण कामावर होती. आबांनी वर्दी पाहिली आणि त्यांचा हात आपोआप कपाळाशी गेला. जन्मभराची सवय. मॅडमनी पाणी मागितलं, खुर्चीत बसल्या, आदराने बोलल्या. "बाबा, तुमच्या लेकीची मैत्रीण हरवलीय. लाँड्रीतली, ठेंगणी."

"बुटकी? आमची बुटकी हरवलीय?" आबा म्हणाले. "तरीच आली नाही इतके दिवस."

"तिच्या जिवाला धोका असू शकतो. या फोनमध्ये काही कळलं तर बघते."

आबांनी क्षणभर दाराकडे पाहिलं, लेक येतेय का म्हणून. मग माझ्यावर बोट ठेवलं.

आणि मी उघडलो. एका दमात, रोजच्यासारखा. मला बोट कळतं, ते कशासाठी ठेवलंय ते कळत नाही. ज्या कुलपाचा मी एवढा डंका पिटत होतो त्याची किल्ली एका भाबड्या म्हाताऱ्याच्या हातात होती, आणि मॅडमनी ती गोड बोलून फिरवून घेतली. त्याबद्दल मी आबांना दोष देत नाही. पुढचं जे झालं ते मात्र सर्वस्वी माझं.

मॅडमनी निरोप चाळले. पत्ता नव्हता. बुटकीने पाठवलेलं ते मुद्रण समोर आलं, पण त्या घाईत होत्या, त्यांनी ते ऐकलं नाही. मग त्यांनी नकाशा उघडला. कुठे कुठे जाऊन आलो ते विचारलं आणि मी सगळं ओकून टाकलं. दर सुट्टीला तेच गाव, तीच गल्ली, तीच बेकरी. कुंपणानेच शेत खाल्लं, दुसरं काय!

मॅडम त्या गावी गेल्या, बुटकीला पाहिलं, ती धडधाकट आहे अशी खात्री केली आणि परतल्या. कुणाला सांगणार नाही असा शब्दही देऊन आल्या. पण चौकीत नवरा रोज येऊन रडत बसायचा. तपासाच्या कागदावर पत्ता वाचलेल्या तिथल्या कुणाला तरी त्याची दया आली. "रडू नका हो, सापडली तुमची बायको. बेकरीच्या वर सुखात आहे," असं गावाच्या नावासकट सांगून तो मोकळा झाला.

नवरा गेला आणि त्याने लाथेने दार तोडलं. बुटकीने मागच्या सज्जातून खाली उडी मारली. मनगट मोडलं. बेकरीतले लोक धावून आले म्हणून जीव वाचला. तो पळाला, आणि बुटकीही त्याच दिवशी तिथून निघून गेली. कुठे, ते बेकरीवालीलाही सांगून गेली नाही. तिचा फोन बंद.

हे सगळं बेकरीवालीने फोन करून कळवलं, म्हणजे माझ्याच तोंडून माझ्या मालकिणीला ऐकावं लागलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली. "मी कुठेच लिहिलं नव्हतं," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "कुठेच नाही."

आबा खुर्चीतून उठले आणि आपण काय केलं ते त्यांनी सांगितलं. ती त्यांच्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ताट वाढायची, औषध द्यायची, पण बोलायची नाही. आबांनी हवामान बघणं सोडून दिलं. मला वाटायचं ओरडून सांगावं, अहो, यांच्या बोटाने दार उघडलं हे खरं, पण आतला चोर मी आहे. पण माझ्याजवळ जगातल्या सगळ्यांचे आवाज आहेत, माझा स्वतःचा तेवढा नाही.

एका संध्याकाळी आबा म्हणाले, "पोरी, ते तुमच्या लाँड्रीतलं ब्लीच थोडं घरी आणशील?"

"कशाला?"

"हे बोट बुडवून ठेवतो त्यात. तुझ्यासारखं कोरं होऊ दे."

तेव्हा ती रडली. त्यांचा हात हातात घेऊन बराच वेळ रडली. "आबा, तुम्ही चांगल्यासाठीच केलंत हो," म्हणाली. मग त्यांना विचारून तिने त्यांचं बोट माझ्यातून काढून टाकलं. आबा म्हणाले, "काढ, काढ. वॉचमनने गेट सोडलं की त्याला कामावरून काढतातच."

काही दिवसांनी पुन्हा दार वाजलं. मॅडमच होत्या. या वेळी आबांचा हात कपाळाशी गेला नाही. त्यांनी दाराची साखळी काढली नाही, आणि मी पाहिलं, उजव्या हाताची मूठ गच्च आवळली होती.

"बाबा, तिचा नवरा सापडलाय. पण 'मी तिला कधी हातही लावला नाही' म्हणतो. उद्या सुटून जाईल. तुमच्या लेकीच्या फोनमध्ये त्याचा आवाज आहे. त्या दिवशी मी तो ऐकायला हवा होता."

"असेल मॅडम. पण लेक कामावर आहे आणि फोन तिचा आहे. आतून निरोप आल्याशिवाय गेट उघडणार नाही."

मॅडम मागे वळल्या. जिन्याच्या पायरीवर बसून राहिल्या. वर्दीतलं माणूस असं खाली मान घालून बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मालकीण आली. मॅडम उठल्या. "माझं चुकलं," म्हणाल्या, "आणि चौकीतल्या चुकीचीही मीच धनी. तुम्ही नाही म्हणालात तर मी परत जाईन." माझ्या मालकिणीने त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं. मग मला हातात घेतलं, पाठ फिरवून आकडा दाबला आणि स्वतःच ते मुद्रण लावलं. त्या घाणेरड्या आवाजाने खोली भरून गेली. आबांनी डोळे मिटून घेतले. मॅडमनी ते पूर्ण ऐकलं, दुसऱ्यांदाही ऐकलं. मालकिणीने तेवढंच एक त्यांना पाठवून दिलं.

"एवढं तुमचं. बाकीचं नाही," ती म्हणाली. तेवढ्या वेळात तिने मला हातातून सोडलं नाही. माझ्या पोटातलं एवढंच एक काय ते कामी आलं. नवरा आत गेला.

तसा मी आता म्हातारा झालोय. खिडकीत पडून असतो. सुट्टीच्या दिवशी माझी मालकीण पिशवी भरते, केस बांधते, मला आबांच्या शेजारी ठेवते आणि एकटीच निघते. आबा "कुठे?" म्हणून विचारत नाहीत. गेल्या वेळी ती परतली तेव्हा तिने पिशवीतून एक नवं कोरं नेलकटर काढलं.

"निरोप आहे, आबा. नखं वाढवायची नाहीत. मनगट जुळलं की स्वतः येऊन कापणार आहे."

आबांनी ते नेलकटर दोन्ही हातांत धरलं आणि त्यांचे डोळे वाहू लागले. मला निरोप नव्हता. नसावाच, मी तो सांभाळला नसता.

बुटकी जगात कुठेतरी आहे. कुठे, ते मला माहीत नाही, आणि जन्मात प्रथमच मला काही माहीत नाही याचं सुख वाटतंय. तेव्हा एकच गोष्ट हात जोडून मागतो, मला हात नसले तरी. कुणाची ठेव पोचवायला जाल तेव्हा माझ्यासारख्याला घरी ठेवून जा. परत आल्यावर कुठे गेला होतात ते मला सांगू नका.