पोर्ट ऐंशीचे महाराज

सकाळचे दहा वाजले, की नकाशे काढणाऱ्या त्या ऑफिसातली सगळी माणसं कोपऱ्यातल्या मशीनभोवती गोळा व्हायची. आदल्या दिवशीचे नकाशे वेबपानावर कसे दिसतात ते तिथेच तपासायचं, आणि त्यासाठी आधी मशीनवरचा सर्व्हर, म्हणजे वेबपान दाखवणारा प्रोग्राम, चालू व्हायला हवा. तो काही केल्या होत नसे. आज्ञा दिली की एक लाल ओळ यायची आणि सगळं ठप्प.

“रुसलाय,” महाराज म्हणायचे. “गर्दी करू नका. मशीनला माणसं कळतात. ज्यांच्या मनात शंका असेल, त्यांनी दोन पावलं मागे व्हा.”

शंका कुणाच्या मनात आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. ताई मुकाट्याने मागे सरकायची. महाराज डोळे मिटून तळहात मशीनवर ठेवायचे आणि मग आपली आज्ञा देऊन की-बोर्डवर बोटं चालवायचे. नवल असं, की बोटं भराभर चालायची आणि पडद्यावर एक अक्षर उमटायचं नाही! मग एंटर, आणि सर्व्हर सुरू.

“बघितलंस? अक्षराशिवाय टाइप करतात,” धाकटी कुजबुजायची. “हाताला गुण आहे गं त्यांच्या.”

ही धाकटी म्हणजे ताईची सख्खी बहीण, ताईनेच शब्द टाकून इथे चिकटवलेली. दीड महिन्यापूर्वी नवं मशीन आलं, त्यासोबत ते सांभाळायला हे गृहस्थ आले आणि आठवड्याभरात त्यांचे ‘महाराज’ झाले. त्याआधी काहीही अडलं की “ताईंना विचारा” असं व्हायचं. आता तिला चहाचंसुद्धा कुणी विचारत नव्हतं आणि धाकटी रोज सकाळी महाराजांचं टेबल पुसत होती. बहिणीने आपल्याकडे कधी अशा डोळ्यांनी पाहिलंय का, हे ताई आठवून बघायची, आणि आठवायचं काहीच नाही. आपण सत्यशोधक आहोत असं ती मनाला सांगायची. खरं तर तिचा नुसता जळफळाट होत होता.

पण मत्सर माणसाकडून काय काय करवून घेतो! ताईने चक्क मॅन्युअल वाचलं.

त्यात लिहिलं होतं, की पोर्ट म्हणजे मशीनचं नंबर असलेलं दार. अशा मशीनवर एक हजार चोवीसच्या आतले नंबर ॲडमिनसाठी, म्हणजे मशीनच्या कारभाऱ्यासाठी, राखीव असतात, साध्या माणसाला ते उघडता येत नाहीत. आणि इथला सर्व्हर लावला होता ऐंशीवर! दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन तिने ऐंशीचं आठ हजार ऐंशी केलं आणि आज्ञा दिली.

लाल ओळ. सर्व्हर बंदच.

या माणसाच्या हातात खरंच काही असलं तर? मग तिने ती ओळ शेवटपर्यंत वाचली. ओळ कालची नव्हतीच. आता तक्रार दाराची नव्हती, सर्व्हर ज्या फाइलीत आपल्या नोंदी लिहितो त्या फाइलीची होती: लिहायची परवानगी नाही. फाइलीचा मालक कोण? ॲडमिन. ती ॲडमिनची कधी झाली? महाराजांनी पहिल्यांदा हात लावला त्या सकाळी. म्हणजे हा गृहस्थ रोज चमत्कार करत होता आणि उद्याचं अडणंही स्वतःच ठेवून जात होता.

तिने वेबपानाची एक प्रत आपल्या फोल्डरमध्ये केली, म्हणजे नोंदींची फाइल तिथे नव्याने आणि तिच्याच नावाने तयार झाली असती, आणि गर्दीची वाट पाहिली.

“आज मी मागे होणार नाही,” ती म्हणाली. “धाकटे, इकडे ये. ही आज्ञा दे.”

“मी? अगं, माझ्या हाताला कुठे गुण आहे?”

“बोट आहे ना? पुरे.”

धाकटीने एंटर दाबलं. सर्व्हर सुरू झाला. ना डोळे मिटणं, ना तळहात.

“महाराज टाइप करतात तो ॲडमिनचा पासवर्ड,” ताई म्हणाली. “दुसऱ्याला कळू नये म्हणून त्याची अक्षरं उमटत नाहीत. तुम्ही टाइप केलात तरी उमटणार नाहीत. ऐंशीचं दार ॲडमिनशिवाय उघडत नाही, म्हणून रोज आपलं अडायचं. त्यात त्यांनी सर्व्हर ॲडमिनच्या नावाने चालवला, म्हणून नोंदींची फाइलही ॲडमिनची झाली आणि दार बदललं तरी अडतंच.”

“माझ्यावर विश्वासच नसेल तर...” महाराजांनी सुरू केलं, पण ऑफिसचे साहेब मागेच उभे होते. तेव्हा महाराजांनी खाली मान घालून फाइलीची मालकी बदलून दिली. एका ओळीचं काम.

“हे पहिल्याच दिवशी का नाही केलंत?” ताईने विचारलं.

“मग मला कुणी बोलावलं असतं?”

ताईला एकदम लाज वाटली, कारण दीड महिना तीही याच प्रश्नाने जळत होती.

तोवर तिच्याभोवती घोळका झाला. “ताई, कमाल आहे तुमची! उद्यापासून तुम्हीच चालू करून द्या. आम्हाला काय कळतंय त्यातलं!” आणि धाकटी तिच्याकडे बघत होती, अगदी त्याच डोळ्यांनी. ताईला फार गोड वाटलं. गप्प बसलं असतं, तर ते तिला रोज मिळालं असतं.

तिने खडू घेतला आणि फळ्यावर सगळं लिहून काढलं: पोर्ट कोणता लावायचा, फाइल कुणाची आहे ते कसं बघायचं, पासवर्ड कधी लागतो आणि कधी नाही. सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘लाल ओळ आधी पूर्ण वाचा.’

“मशीन रुसत नाही,” ती म्हणाली. “नाही म्हणतं, आणि का नाही म्हणतं तेही सांगतं. ते वाचल्याशिवाय कुणाच्याही पाया पडू नका. माझ्यासुद्धा.”

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा सर्व्हर चालू होता. धाकटी आपल्या जागेवर नकाशे तपासत होती.

“कुणी चालू केला?”

“मी. परत लाल ओळ आली होती, आठ हजार ऐंशीवर आधीच दुसरं काहीतरी चालू आहे म्हणून. मग आठ हजार एक्क्याऐंशी केलं.”

“मला बोलवायचंस ना!”

“कशाला?” धाकटीने मान वर न करताच म्हटलं. “वाचता येतं मला.”

ताईला ते टोचलं, नाही असं नाही. मग ती आपल्या खुर्चीवर जाऊन बसली आणि कामाला लागली.