दहावं पान

“मुलं नऊ आणि पानं दहा. हे कसं काय?”

तपासणीला आलेले साहेब भिंतीतल्या कोनाड्यापुढे उभे होते. चांद्याहून आलेले, अंगात काळा कोट, आणि काटेकोर इतके की त्यांनी पानंसुद्धा दोनदा मोजली. मोह, तेंदू, पळस, बेल, आंबा अशी सगळी ओळीनं मांडलेली होती. शेवटचं पान लांबट आणि टोकदार होतं. ते मी दारातूनच ओळखलं. ते रामफळाचं होतं, आणि आमच्या गावात रामफळाचं झाड एकच, माझ्या अंगणात.

नागभीडहून दोन कोसांवरच्या त्या गावात मी, गुणवंतराव, शाळेचा हेडमास्तर. आमच्या शाळेचा निकाल नेहमी चांगला लागे. त्यात माझी हुशारी एवढीच, की ज्या पोरांना अक्षर लागत नाही त्यांची नावं मी वेळेवर पटावरून काढून टाकायचो. माझ्याच हाताखालच्या मुखरू गुरुजींना हे पाहवेना. एके दिवशी त्यांनी राजीनामा माझ्या टेबलावर ठेवला आणि इब्राहीमसेठच्या धानाच्या गोदामात त्या पोरांची शाळा काढली. गाव तिला ‘ढांची शाळा’ म्हणू लागलं. खरं सांगायचं तर ते नाव पहिल्यांदा माझ्याच तोंडून निघालं होतं.

हजेरी आपली आपण लावायची, असा गुरुजींचा नियम होता. पण नाव लिहिता येत नसेल तर कशी लावणार? मग प्रत्येकानं आपल्या दारातल्या नाहीतर शेताच्या धुऱ्यावरच्या झाडाचं पान आणायचं आणि कोनाड्यात ठेवायचं. लटारूला माझ्याकडे दोन वर्षांत ‘म’ आणि ‘भ’ यांतला फरक कळला नव्हता, पण मोहाचं पान तो डोळे मिटून, नुसत्या बोटांनी ओळखायचा. गुरुजी तेच पान पाटीवर ठेवायला लावत, भोवती पेन्सिल फिरवायला लावत, आणि मग त्या पानाच्या पोटात पोराचं नाव लिहायला शिकवत. एकेक नाव आत शिरायला तीन तीन महिने लागत. गुरुजींना कसलीच घाई नव्हती. गोदामाच्या झरोक्यातून उन्हाचा पट्टा खाली उतरायचा, त्यात धानाचा कोंडा तरंगत असायचा, दूरवर छोट्या रेल्वेगाडीची शिट्टी व्हायची, आणि तिथं उभं राहिलं की माणूस जागा आहे की झोपेत हेच कळायचं नाही.

माझी सुगंधा तेव्हा अकरा वर्षांची. एकुलती एक. चार वर्षं मी तिला घरी शिकवलं. अक्षरं तिच्यापुढे स्थिरच राहत नसत. मी तीन पाट्या फोडल्या, त्यातली एक तिच्या अंगावर. शेवटी गावाला सांगून टाकलं की पोरीची प्रकृती नाजूक आहे, तिला शाळेत पाठवता येत नाही. हेडमास्तरच्या मुलीला वाचता येत नाही, हे कुणाला सांगणार?

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्यानंतरच्या दुसऱ्या माघातली ही तपासणी. साहेबांनी आधीच कळवलं होतं, की दहा मुलं असली तरच मान्यतेची शिफारस करीन. मान्यता मिळाली तर दोन खोल्या बांधून मिळणार होत्या. नाही मिळाली तर पुढच्या हंगामात सेठला गोदाम धानासाठी रिकामं हवं होतं, आणि शाळा तिथंच संपणार होती. गावचा हेडमास्तर म्हणून साहेबांच्या कागदावर माझीही सही लागणार होती.

“गुरुजी, दहावं पान कोणाचं?” साहेबांनी पुन्हा विचारलं.

मुखरू गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

“ते गुणवंतभाऊलेच इचारा, साहेब,” ते म्हणाले. “थे सांगतीन.”

मला सगळं कळलं. पोरीला त्यांनी धानाच्या पोत्यांमागे बसवलं होतं. बापानं आपल्या तोंडानं सांगावं म्हणून ते थांबले होते. दारात गावची पंधरावीस माणसं उभी होती. त्यात आमचे भाऊबंद होते, दोन पालक असे होते ज्यांच्या पोरांना मी ‘ढ’ म्हणून हाकललं होतं. ‘माझ्या मुलीचं’ एवढे दोन शब्द पुरेसे होते. ते घशापर्यंत आले होते, हे शपथ घेऊन सांगतो.

“वाऱ्यानं आलं असेल, साहेब,” मी म्हणालो. “पानगळीचे दिवस आहेत.”

साहेबांनी पेन्सिलीच्या टोकानं ते पान कोनाड्यातून खाली लोटलं आणि कागदावर नऊ लिहिलं. मी सही केली. पोत्यांमागे काहीतरी हललं. मी तिकडे पाहिलं नाही. मुखरू गुरुजींनी वाकून पान उचललं, झटकलं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

घरी आलो तर माझी बायको, आशा, चुलीपुढे पाठ करून बसली होती.

“मीच धाडलं तिले,” ती म्हणाली. “दिवाळीपासून. तुमी शाळेत असता तवा. तुमाले सांगून का फायदा होता?”

मग उठून तिनं फळीवरून पाटी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. पाटीवर रामफळाच्या पानाचा आकार होता आणि आत वेडंवाकडं ‘सुगंधा’. शेवटचं अक्षर जागा पुरली नाही म्हणून देठाकडे घसरलं होतं. मी त्या पाटीपुढे बसून रडलो. आशानं मला गप्प केलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना पत्र लिहिलं, दहावी मुलगी माझी आहे. उत्तर आठ दिवसांनी आलं, सभ्य आणि दोन ओळींचं. अहवाल पुढे गेला होता, आता त्यात बदल होणार नव्हता.

पत्र टाकलं त्याच सकाळी मी रामफळाचं एक चांगलं पान तोडलं, सुगंधाचा हात धरला आणि भर बाजारातून तिला घेऊन निघालो. लोक बघत होते. बघू देत म्हटलं. गोदामाशी आल्यावर पान तिच्यापुढे धरलं.

“नाई बाबा, थे नाई,” ती म्हणाली.

रस्त्यावर सागाचं एक वाळकं पान पडलं होतं. तिनं ते उचललं, आत गेली आणि कोनाड्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी पळसाचं आणलं, तिसऱ्या दिवशी कसलं ते मलाही ओळखता आलं नाही. जे खाली पडलेलं मिळेल ते.

“म्या इचारलं तिले, तुहं झाड काऊन सोडलं?” मुखरू गुरुजी हळूच मला म्हणाले. “तर म्हणते, माहं झाड नाई, गुरुजी. मी वाऱ्यानं आली. रागानं नाई म्हणत, भाऊ. तुमी सांगतलं म्हणून तिनं खरं मानलं.”

मी तिला परोपरीनं सांगितलं. त्या दिवशी मी खोटं बोललो, बेटा, घाबरलो होतो. ती माझ्याकडे पाहून हसली आणि मान हलवली, आपण लहान मुलाचं ऐकून घेतो तशी.

तेव्हापासून रोज तिला पोचवायला मीच जातो. गोदाम आणखी किती दिवस आहे, हे तिला ठाऊक नाही. आता फाल्गुन लागला. रामफळाचं झाडही उघडं होत चाललंय. आज सकाळी आम्ही निघालो तेव्हा त्याचं एक पान वाऱ्यानं अंगणातून उडालं आणि रस्त्यावर बरोबर तिच्या पुढ्यात येऊन पडलं. मी तोडलेलं नव्हतं, कुणी दिलेलं नव्हतं, आपणहून आलेलं होतं.

सुगंधा थांबली. तिनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पाय पडू नये म्हणून त्याला वळसा घातला आणि चार पावलं पुढं जाऊन सागाचं पान उचललं.

“चाला न बाबा,” ती म्हणाली, “हजेरी लावाची हाये.”