क्षमावाणीचं कार्ड

आमच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, क्षमावाणीच्या दिवशी सगळे एकमेकांची क्षमा मागतात. वर्षभर बांधावरून भांडलेली माणसंसुद्धा हात जोडून ‘उत्तम क्षमा’ म्हणतात आणि दुसऱ्या दिवसापासून नव्या दमानं भांडायला मोकळी होतात. हल्ली हे फोनवरही चालतं. सकाळपासून कार्डांचा नुसता मारा. आलेलं कार्ड उघडलं नाही, उत्तर दिलं नाही, तर मनात अढी धरली असं समजतात. हे आम्हाला माहीत आहे, तसं त्या चोरांनाही माहीत होतं. म्हणून मला त्यांचा दुप्पट राग येतो.

यंदा माझ्या आईला, पद्मावतीला, कार्ड आलं ते बस्ती कमिटीचे अध्यक्ष श्रेयांस अण्णा यांच्या नंबरवरून. गेल्या वर्षी नळाच्या पाण्यावरून दोघांचं चांगलंच वाजलं होतं. अण्णांनी आपणहून क्षमा मागितली म्हणून आई हरखली. तिनं बोट लावलं. फोननं कसलीशी परवानगी मागितली, ती तिनं देऊन टाकली. थोड्या वेळानं बँकेतून पैसे गेल्याचे मेसेज येऊ लागले. त्यातच चिकोडीहून मावशीनं मला फोन केला, “आक्कानं पाठवलेलं कार्ड उघडंना गं, कसं उघडायचं?” आईनं तिला काहीच पाठवलं नव्हतं.

ते कार्ड नव्हतंच. नावाच्या शेवटी ‘एपीके’ होतं, म्हणजे फोनमध्ये शिरून बसणारं अख्खं ॲप. ते बँकेचे ओटीपी वाचत होतं आणि आईच्या नावानं सगळ्या ओळखीच्यांना तीच फाइल वाटत होतं. मी मावशीला जवळजवळ ओरडूनच सांगितलं की हात लावू नको. आईच्या फोनमधलं सिम काढलं, माझ्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवलं आणि सायबर चोरीसाठीच्या १९३० या सरकारी नंबरवर तक्रार दिली. काही पैसे गेले ते गेलेच, बाकीचे वाचले.

माझा भाऊ अभिनंदन हे सगळं खुर्चीत बसून बघत होता. “आता कुणाला काय बोलू नका,” तो म्हणाला. “गुरुवारी सोनलला बघायला पाव्हणे येणार हाईत. आईच्या फोनवरनं गाव लुबाडलं, असं नाव व्हईल आपलं.”

“आणि ज्यांनी अजून उघडलं न्हाय, त्यांचं रं?” आईनं विचारलं.

“त्यांचं ते बघतील.”

माझं डोकंच फिरलं. याला गप्प बसायचं होतं, आणि तेही माझ्या लग्नाच्या नावाखाली! “एवढ्यानं मागं फिरणारे पाव्हणे मलाच नकोत,” मी म्हटलं.

आईनं पदर खोचला. “माझ्या नावानं चोरी चाललीया, आणि मी घरात तोंड लपवून बसू? चोरी मी केलीया व्हय? चल गं.”

बस्तीचा मंडप क्षमावाणीसाठी भरला होता. अण्णा पहिल्याच रांगेत बसले होते. आईला बघून त्यांनी मान खाली घातली. आईनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. सरळ व्यासपीठावर गेली आणि माइक हातात घेतला.

“माझ्या नंबरवरनं कार्ड आलं असंल तर उघडू नका,” ती म्हणाली. “त्यात चोर हाय. मी उघडलं, माझे पैसे गेले.”

मागून आदर्श हसला. गावात त्याचं मोबाइलचं दुकान आहे. “एवढं बी कळलं न्हाय व्हय काकू?”

“न्हाय कळलं. कळलं असतं तर हितं कशाला आलो असतो? तू लई शाणा हाईस न्हवं, मग ऊठ आणि कसं ओळखायचं ते समद्यांना दाखव.”

आदर्श निमूट उठला. मंडपभर फोन बाहेर निघाले. मला आईचा इतका अभिमान वाटला की मला रडूच यायला लागलं. पण माझ्या आधी शालूबाई रडायला लागल्या. एकट्या राहतात, पेन्शनवर जगतात.

“मी पहाटेच उघडलं गं,” त्या म्हणाल्या. “पैसे गेल्याचं बी कळलं. पण ल्योक बोलंल म्हणून गप्प बसलो.”

मी त्यांच्याशेजारी बसून पुन्हा १९३० लावला. आईनं वरूनच विचारलं, “माझ्या नंबरवरनं आलं काय, शालूबाई?”

“न्हाय. अण्णांच्या. काल सांजच्यालाच आलतं.”

सगळे अण्णांकडे बघू लागले. अण्णा उठले, आईसमोर आले आणि हात जोडले. “उत्तम क्षमा, पद्मावती आक्का,” ते हळू आवाजात म्हणाले. “माझ्या फोनात कालच शिरलंतं. रातीच कळलं मला. पण अध्यक्ष माणूस, चारचौघांत कसं सांगायचं? घरी येऊन बोलतो.”

अभिनंदनही धापा टाकत मागोमाग आला होता. आता पुरे, अशा खुणा तो दारातून करत होता.

आईनं अण्णांना हात जोडले. मग माइक त्यांच्या तोंडापुढे धरला.

“माझी क्षमा झाली, अण्णा,” ती म्हणाली, आणि ते सगळ्या मंडपाला ऐकू गेलं. “आता शालूबाईंची मागा. हितनंच.”