एक्केचाळिसावी बाब

आमच्याकडे वर्षाचं अंदाजपत्रक गाव स्वतः मंजूर करतं. सगळी मोठी माणसं सभागृहात जमतात आणि एकेक बाब मोठ्याने वाचली जाते. ज्याला शंका असेल त्याने उभं राहायचं. उभ्या माणसाला उत्तर मिळेपर्यंत पुढची बाब वाचायची नाही, अध्यक्षांनी सांगितलं तरी नाही. उठायला वेळ मिळावा म्हणून वाचणाऱ्याने टेबलावर एकेक बोट टेकवत पाच मोजायचे. तेवढ्यात कुणी उठलं नाही, तर लाकडी ठोकळा आपटायचा. बाब मंजूर.

गेली चौदा वर्षं वाचणारी मी. माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो म्हणून गाव मला भोंगा म्हणतं, तेही तोंडावर, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

मागच्या वर्षी सभेच्या दिवशी सभागृहातला हीटर बंद पडला. मोडक्या खुर्च्यांवर लोक कुडकुडत बसले होते. एक्केचाळिसावी बाब आली: पंपघर, दुसरा कामगार, तरतूद शून्य. अर्थसमितीने ती जागा कापून पैसे नव्या खुर्च्यांकडे वळवले होते. मी वाचलं, तीन बोटं टेकवली आणि ठोकळा आपटला.

त्या क्षणी चौथ्या रांगेत माझे धाकटे दीर अर्धे उठलेले होते. पंपघरात एकोणीस वर्षं काढलेला माणूस. गुडघे कामातून गेलेले, पुढच्या खुर्चीला धरून उठेपर्यंतच पाच बोटं व्हायची. मला ते दिसले. मला दिसले हे त्यांनाही कळलं. मग ते हळूच खाली बसले आणि मी बेचाळिसावी बाब वाचायला घेतली. एकदा ठोकळा पडला की पडला, अशी मी मनाची समजूत घातली. खरं कारण एवढंच की पाय गारठले होते आणि मला घरी जायचं होतं.

पंपाच्या विहिरीतली जाळी साफ करायला शिडीने खाली उतरावं लागतं. पूर्वी एक जण उतरायचा, दुसरा वर दोर धरायचा. दोन महिन्यांनी एका सकाळी भाऊजी एकटेच उतरले. अकराच्या सुमारास नळ कोरडे पडले, तेव्हा शेजारणीने मला फोन केला. "तुमच्या दिरांना डुलकी लागली की काय?" मी हसले. म्हटलं, लागली असेल, उठवते. त्यांना बाहेर काढलं तेव्हा दुपार झाली होती आणि अंगात जीव नव्हता.

त्यानंतर दहा महिने मी त्यांच्या बायकोकडे, माझ्या जावेकडे, जात होते, तिच्या हातचा चहा पीत होते आणि त्या तीन बोटांबद्दल ब्र काढत नव्हते. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

यंदा नव्या खुर्च्या आल्या होत्या. बाब मात्र तीच, आकडाही तोच, शून्य. नवा पंपचालक मागे भिंतीला टेकून उभा होता. तीन मुलींचा बाप, गावात येऊन वर्ष झालं नव्हतं म्हणून त्याला सभेत बोलता येत नव्हतं. मी बाब वाचली. एक. दोन. तीन. चार. पाच. कुणी उठलं नाही. चौथ्या रांगेत जाऊ मान खाली घालून बसली होती.

वाचणाऱ्याने बोलायचं नाही असा नियम आहे. मी ठोकळा अध्यक्षांच्या पुढ्यात ठेवला आणि मंचावरून उतरले.

"अहो, कुठे निघालात? बाब अर्धीच राहिलीय," अध्यक्ष म्हणाले.

"मला प्रश्न विचारायचाय. खाली उभी राहून विचारते."

चौथ्या रांगेत जावेशेजारी जाऊन उभी राहिले. भोंग्यातून आवाज फुटेना. "मागच्या वर्षी या बाबीला एक माणूस उठत होता," मी म्हटलं. "मी तीनच मोजले. तो उठतोय हे दिसत असताना मी ठोकळा आपटला. त्याला काय विचारायचं होतं ते आता मी विचारते. विहिरीत उतरलेल्या माणसाचा दोर कोण धरणार?"

अर्थसमितीचे प्रमुख कागद चाळत राहिले.

जाऊ बसल्या जागेवरून हलकेच बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "मला माहीत होतं, ताई. हे त्याच दिवशी घरी येऊन म्हणाले होते. म्हणाले, वहिनी गारठल्या होत्या बिचाऱ्या. पुढच्या वर्षी मी बाब वाचायच्या आधीच उभा राहीन." मग थांबून म्हणाली, "तुम्ही कधी सांगताय, त्याची मी वाट बघत होते."

दुसऱ्या कामगाराची जागा परत आणायची, पैसे फर्निचरच्या बाबीतून घ्यायचे, असा ठराव मी तिथेच मांडला. हात वर झाले. मोजायची गरज नव्हती, तरी अध्यक्षांनी एकेक रांग मोजली. जावेचा हातही वर होता. मागे भिंतीशी पंपचालकाने टोपी काढली.

मी परत वर गेले. उरलेल्या तेवीस बाबी वाचल्या आणि प्रत्येकीला पाच बोटं मोजली. सभा संपली तेव्हा मी घाईने कागद आवरून दाराशी आले. दरवर्षी आम्ही दोघी बरोबर घरी जातो.

जाऊ थांबली नव्हती. तिने थांबावं असं मला फार वाटत होतं.