वरच्या ओळीतले नाव

मित्रांनो, मी एक जुना सर्किट बोर्ड आहे. टोकन टाकून खेळायच्या उभ्या पेटीच्या पोटात मी राहतो. पडद्यावर होडी चालते, खडक येतात. मुलांना वाटते, करणी पडद्याची. पण ती सारी उठाठेव माझी. माझ्या एका कोपऱ्यात पांढुरका-हिरवा डाग आहे. कोणी पेटी उघडली की तो झाकावासा वाटतो. पण ज्याने मला घडवले त्याने हात दिले नाहीत.

मी नवा होतो तेव्हा त्याच कोपऱ्यात एक लहानसा सेल बसवला होता. त्याचे काम एवढेच, की पेटी बंद झाली तरी सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्यांची नावे मला विसरू द्यायची नाहीत. शेजारचे बोर्ड बंद झाले की कोरे होत, मी मात्र स्मरण ठेवी. त्याचा मला कोण ताठा! गर्वाचे घर खाली, हे तेव्हा मला कोण सांगणार?

आमचे खेळघर एक भाऊ-बहीण चालवीत. थोरली ताई टोकने देई, धाकटा भाऊ पेट्या दुरुस्त करी. सारे त्याला मिस्त्री म्हणत. ताई मात्र चारचौघांतही 'गोट्या' म्हणूनच हाक मारी. दुपारी गर्दी ओसरली की ताई चपला काढून माझ्यापुढे उभी राही आणि होडी अशी वळवी, की खडकाला लाटही लागू नये. एके दिवशी तिने असा डाव खेळला की सारे खेळघर तिच्या पाठीशी येऊन उभे राहिले. तिच्या नावाची तीन अक्षरे वरच्या ओळीत चढली. माळेत मेरुमणी तसे ते नाव मी मिरवू लागलो.

मिस्त्रीची एक शिस्त होती. बोर्ड ठेवणीत टाकायचा तर आधी सेल काढायचा. नाहीतर तो पाझरतो, आणि ज्याच्या अंगावर बसला त्यालाच खातो. कोणी सडलेला बोर्ड आणला तर हातात घेण्याआधी तो त्या माणसाला दोन गोष्टी सुनावी.

पुढे घरोघरी खेळ आले आणि खेळघराला टाळे लागले. मिस्त्रीने एकेका बोर्डाचा सेल काढून त्याला कागदात गुंडाळले. माझ्यापाशी येऊन मात्र तो थांबला. सेल काढला तर ताईचे नाव जाणार. त्याने पकड खाली ठेवली. अधूनमधून उघडून बघत जाऊ, असे स्वतःशीच पुटपुटला आणि मला तसेच गुंडाळून खोक्यात ठेवले. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

मित्रांनो, बघायला कोणी आले नाही. सेल पाझरला. त्याने पहिली तोडली ती स्मरण वाहणारी तांब्याचीच रेघ. नाव केव्हाच गेले होते, आणि मी खोक्यातल्या अंधारात मानकऱ्यासारखा बसून होतो.

बरीच वर्षे लोटली. ताईला नात झाली, ती बोलती-चालती झाली, आणि आजीची टिंगल करू लागली. जिला फोनवरचा आवाज कमी करता येत नाही, ती म्हणे खेळात पहिली! सारे घर हसले. ताईला ते लागले. तिने भावाला कळवले, की येत्या रविवारी नातीला घेऊन येते, तेवढी पेटी चालू करून ठेव. घरात मी खोटी पडले आहे, माझे नाव पोरीला दाखव.

मिस्त्रीने कागद सोडला आणि सडलेला सेल उपटून काढला. मग कामाला लागला. ब्रशने व्हिनेगर लावून डाग धुतला, कुजलेली रेघ खरवडली, कुठे तुटले ते मीटर लावून शोधले. एका चिपेचे पाय किडक्या दातांसारखे हातात आले. तिथे त्याने नवी चिप बसवली, सेलही नवा घातला आणि तुटक्या जागा केसाएवढ्या तारांनी डाख देऊन जोडल्या. मला पेटीत परत बसवले तेव्हा पडद्यावर आधी नुसते चौकोन नाचले, मग होडी आली. वरच्या ओळीत मात्र कारखान्याने भरलेली अक्षरे होती.

ताईला कसे सांगावे? तिच्याइतके गुण आपणच करावेत म्हणून तो खेळायला उभा राहिला, तर पहिल्याच खडकावर आपटला. माझ्या कडेला एक इवलासा खटका आहे. तो दाबला की होडी बुडत नाही. तो केवळ दुरुस्तीपुरता. मिस्त्रीने तो दाबला. होडी खडकांवर आपटत राहिली, गुण चढत राहिले. ताईचा आकडा त्याला नेमका आठवेना, म्हणून कमी नको, जास्तच असू दे, असा त्याने हिशेब केला आणि तिची अक्षरे घातली. डागाची लाज होतीच. त्यावर आता माझ्याच तोंडून खोटे वदवले गेले.

रविवारी नात पडद्यापाशी धावली, डोळे विस्फारून आजीकडे वळली आणि फोटो काढायला तिने फोन वर केला. ताईने चष्मा सारखा केला आणि वाचले.

"फोटो नको काढूस, बाळ," ती म्हणाली. "हा आकडा माझा नाही."

"पण नाव तुझंच आहे ना?"

"नाव माझं आहे. गोट्या, इतके गुण कुणाला म्हणजे कुणाला होत नाहीत. काय केलंस?"

मिस्त्रीने खाली मान घालून सेलापासून खटक्यापर्यंत सारे सांगितले. ताई म्हणाली, "गावभर लोकांना सेल काढायला सांगत फिरलास, आणि माझ्याच नावाला बुरशी आणलीस होय रे?"

"मग आजी पहिली होती की नव्हती?" नातीने विचारले.

"होते. पण दाखवायला आता काही नाही. पटलं तर मान."

आलोच आहोत तर एक डाव, म्हणून नातीने दांडा धरला आणि लगेच बुडाली. ताईने मागे उभे राहून तिच्या हातावर आपला हात ठेवला. मित्रांनो, खडक मी पाठवतो आणि कुठला केव्हा ते मलाच ठाऊक. पण मी पाठवायच्या आत तो सुरकुतलेला हात वळत होता. डावीकडे, थोडे थांबून पुन्हा डावीकडे, मग मधून.

"आजी," नात हळूच म्हणाली, "खडक दिसायच्या आधीच तुझा हात वळतोय."

होडी चालत राहिली.

त्या संध्याकाळी मिस्त्रीने नवा सेलही काढला आणि ते खोटे नाव गेले. आता पेटी बंद झाली की एकही नाव माझ्यापाशी उरत नाही. पण कोणी जुना बोर्ड घेऊन आले की मिस्त्री माझी पेटी उघडतो आणि आधी डागावर बोट ठेवून सांगतो, "हे माझ्या हातून झालंय." तो ते सांगायला शिकला, मला मात्र अजून लाज वाटते. म्हणून जोडायला हात नसले तरी मनापासून विनवतो: जे फार आवडते म्हणून बंद करून ठेवले असेल, ते आज एकदा उघडून बघा.