टेबलावरची बरणी

सुरुवात.

बुसान सोडताना मी रडले नाही. गे-ह्वाताई रडली, आणि शिव्याही तिनेच दिल्या.

डोंगरातल्या गावातून मी तिच्या खानावळीत भांडी घासायला आले होते. ओरडून बोलायला, मासळी हुंगून घ्यायला, समुद्राकडे पाठ करून निवांत झोपायला मला बुसाननेच शिकवलं. कुणी गाव विचारलं की मी बुसानच सांगते. पण आता मला पाटीवर माझं नाव हवं होतं.

"मग इथेच काढ की दुकान."

"ताई, तुझ्या दारासमोर चूल मांडू?"

"मांडून बघ. तंगडी तोडीन." तिने डोळे पुसले. "पण मोक्पो? ते लोक कोंगुक्सूत साखर घालतात, हे-रान! सोयाच्या दुधातल्या शेवया आहेत त्या, खीर आहे का?"

"म्हणून तर चाललेय. कुणीतरी सांगायला हवं त्यांना."

तिने मिठाचं पोतं माझ्या मांडीवर आदळलं. "बिघडू नकोस."

पुन्हा सुरुवात.

मोक्पो. पाटीवर ठळक अक्षरांत हे-रान. पदार्थ एकच, कोंगुक्सू. प्रत्येक टेबलावर पांढरी बरणी, बरणीत मीठ. साखर दुकानात आणायचीच नाही, हे मी बसमध्येच ठरवलं होतं.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे बोटीवरून निवृत्त झालेले एक आजोबा. त्यांच्यामागून गल्लीतली चार माणसं आली. आजोबा काय म्हणतात ते बघायला आली होती, हे उघड होतं. ते उठून गेले की गल्ली गेली.

"कुठली गं तू?"

"बुसानची."

"वाटलंच. बोलतेस की भांडतेस तेच कळेना."

मी वाडगा ठेवला आणि आत वळले. मागे झाकण वाजलं. वळून पाहिलं तर आजोबांचा चमचा बरणीतून भरून निघाला होता. न बघता. जन्मभराच्या सवयीने. एक. दोन. मी ओरडेपर्यंत तीन. ढवळलं आणि मोठा घास घेतला.

चौघं पुढे वाकली.

आजोबांनी तो घास गिळला कसा, देव जाणे.

"पोरी," ते म्हणाले, "समुद्र समोरच आहे. वाडग्यात कशाला आणलास?"

चौघंही फिदीफिदी हसली.

"आजोबा, चाखून तरी बघायचं."

"काय चाखायचं? टेबलावर साखरच असते."

"बुसानला मीठ असतं."

"मग बुसानला जा!"

आता कुणी हसलं नाही. आजोबांनी खुर्ची मागे सरकवली.

जायचं असतं तर आले कशाला असते? मी तो वाडगा उचलला, दुसरा भरला, त्यात माझ्या हाताने चिमूटभर मीठ टाकलं.

"एक घास. नाही आवडला तर समोरच्या दुकानातून साखर मी स्वतः आणते."

ते उभ्यानेच खाऊ लागले. मग बसले. शेवया संपल्या तेव्हा वाडगा तोंडाला लावून दूधही प्यायले, आणि मिशा पुसल्या.

"वाईट नाही."

मी हसले.

"आता साखर आण. आणि आणखी एक वाडगा."

मी गेले. एप्रन न काढता रस्ता ओलांडला. मागून चौघांपैकी कुणीतरी ओरडलं, "बाई, आम्हालाही!"

सुरुवात, आणखी एकदा.

दुपारी ताईचा फोन आला.

"मीठ खातात का?"

"एक जण तर तीन चमचे खाऊन गेला."

ती खोकला येईपर्यंत हसली. मग आवाज बारीक झाला. "खरं सांग. साखर ठेवलीस ना?"

"दोन बरण्या ठेवल्यात."

"मेले! बिघडलीस!"

"नावं लिहिलीत. गोंधळ नको."

"मीठ आणि साखर?"

"नाही. एकीवर मोक्पो. एकीवर बुसान."

पलीकडे तिने नाक ओढलं.

"बुसान संपत आलं की सांग," ताई म्हणाली. "पोतं घेऊन मीच येते."