मुद्देमाल, नग एक

सीलदार हा काही सरकारी हुद्दा नव्हे. वनखात्याच्या कचेरीत मुद्देमालाची खोली सांभाळणाऱ्या कारकुनाला सगळे गमतीनं सीलदार म्हणत, आणि तोही ते मानानं मिरवी. जप्तीची बंदूक असो की फासाच्या तारांचं भेंडोळं, ते कापडात बांधायचं, गाठीवर लाख ओतायची आणि वर पितळी शिक्का दाबायचा, या कामात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. तीस वर्षांत एकदाच सील तडकलं, गेल्या साली, जीपच्या हादऱ्यांनी. तेवढ्यावरून वकिलानं खवले मांजराच्या खवल्यांची अख्खी गोण संशयात काढली आणि चोरटा माल घेणारा आडत्या मिशीतल्या मिशीत हसत सुटला. तेव्हापासून सीलदाराला अन्न गोड लागत नव्हतं.

त्याच आडत्याला या वेळी सीलदाराच्या मुलीनं पकडलं. ती वनरक्षक होती. जळवा अंगावर घेत, तापानं फणफणत सात महिने ती त्याच्या मागावर राहिली आणि शेवटी जिवंत खवले मांजरासकट त्याला धरून आणलं. या जंगलात ते जनावर आता वर्षाकाठी एखादंच दिसे. आडत्याला शिक्षा व्हावी आणि मांजर परत जंगलात जावं, एवढंच तिला हवं होतं. मध्ये नेमक्या सुट्ट्या आल्या आणि कोर्ट तीन दिवस बंद.

"बाबा, पंचनाम्यात लिहा, मादी गाभण दिसते."

"दिसतेबिसते कागदावर चालत नाही. तू काय जनावरांची डॉक्टर आहेस?"

"मग डॉक्टरांना बोलवा. तोवर पेटी बंद करू नका."

"म्हणजे उघडी पेटी कोर्टात नेऊ? पुन्हा सोडून देऊ त्याला? सात महिने कोण भटकलं, मी?"

'जिवंत खवले मांजर, नग एक' या ओळीखाली तिनंच सही केली. बोटाएवढ्या भोकांची लाकडी पेटी कापडी पट्ट्यांनी बांधली गेली आणि चारी बाजूंना लाखेचे ठसे उमटले.

दुसऱ्या दिवशी ती कागदाच्या पुडीत मुंग्या घेऊन आली. एखाद्या भोकातून सोडते म्हणाली.

"आत मुंगी गेली तर वकील बाहेर हत्ती काढेल," सीलदार म्हणाला आणि पुडी खिडकीबाहेर झटकली. पाणी मात्र त्यानं स्वतः ड्रॉपरनं थेंब थेंब सोडलं. माणूस दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर बरं झालं असतं, दुष्टाला निदान लाच तरी देता येते.

तिसऱ्या दिवशी पेटीतली खरखर थांबली. मुलीनं हात जोडले, रडली, "एकदाच उघडा हो बाबा," म्हणाली. "झोपलं असेल," म्हणून त्यानं खोलीला कुलूप लावलं. पहाऱ्याची दुसरी चावी तिच्या खिशात होती. पण तिनं ती वापरली नाही. सील तुटलं की आडत्या सुटणार, हे बापानं तिच्या मनात पक्कं बसवलं होतं.

कोर्टात आडत्याच्या वकिलानं चष्मा लावून चारी ठसे पाहिले. "उत्तम सील. माझी हरकत नाही." सीलदाराची छाती फुगली. मग झाकण निघालं आणि पहिल्या बाकावरच्यांनी नाकाला रुमाल लावले. मादी वेटोळं करून मेली होती. त्या वेटोळ्यात काहीतरी हललं आणि वीतभर, फिकट, मऊ खवल्यांचं पिल्लू बाहेर सरकलं.

"कागदावर एक, पेटीत दोन," न्यायाधीश म्हणाले.

वकिलाला तर लॉटरीच लागली. "साहेब, म्हणजे पेटी उघडून पुन्हा सील केलीय. लाख यांची, शिक्का यांचा. मेलेलं जनावर तरी तेच कशावरून?"

"आतच व्याली साहेब," सीलदार म्हणाला.

"गाभण असल्याची नोंद?"

"नाही."

"डॉक्टरचा दाखला?"

"नाही."

"खोलीच्या चाव्या कोणाकडे होत्या?"

"एक माझ्याकडे. दुसरी मुलीकडे."

"पेटी उघडा, असं कोणी म्हणत होतं?"

मागच्या बाकावर मुलगी ताठ बसली होती. पण सीलदारानं शपथ घेतली होती, आणि शपथेवर तो आयुष्यात खोटं बोलला नव्हता.

"मुलगी म्हणत होती."

दुपारी आडत्या सुटला. जाताना त्यानं सीलदाराला वाकून नमस्कार केला आणि "तुमच्यासारखी सरळ माणसं राहिली नाहीत," म्हणाला. मुद्देमालाशी छेडछाड केल्याच्या संशयावरून मुलगी निलंबित झाली. पिल्लाचं काय करायचं हे कोणालाच कळेना. प्राण्यांच्या दवाखान्यानं फोनवर केस नंबर मागितला, आणि कागदावर तर हे पिल्लू जन्मलंच नव्हतं.

मुलीनं पट्टा आणि टोपी टेबलावर ठेवली. पिल्लू शर्टात गुंडाळलं होतं, ते तिनं बापाच्या ओंजळीत दिलं.

"अगं, याला पाजायचं काय?" त्यानं विचारलं.

ती थांबली नाही.

तीस वर्षांच्या नोकरीत सीलदारानं जिवंत काही हातात धरलं नव्हतं. पिल्लानं त्याच्या करंगळीला शेपटीचा विळखा घातला आणि अंगठा तोंडात धरून चोखू लागलं. त्यानं कपाटातली पुस्तकं काढली, परिपत्रकं काढली, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर पानं उलटली. असल्या पिल्लाला काय पाजतात हे सांगणारं एकच माणूस होतं, आणि ते फाटकाबाहेर निघून गेलं होतं. ऊन उतरेपर्यंत पिल्लू त्याचा कोरडा अंगठा चोखत राहिलं. मग थांबलं.